मलबारचा डच कमांडर आणि नागरी लिपीतील एक पत्र : हेंड्रिक व्हॅन ऱ्हीडची कारकीर्द

१/
पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या रानात फाल्गुनाच्या सुमारास पांगारा आणि काटेसावर लाल होतात. उन्हाळा चढला की बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. सह्याद्रीच्या या तिन्ही झाडांची चित्रे सतराव्या शतकात ॲमस्टरडॅममध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली गेली. ज्या बारा खंडांच्या ग्रंथात ती आहेत, त्याचा कर्ता वैद्य नव्हता की वनस्पतींचा पंडितही नव्हता. तो डच ईस्ट इंडिया कंपनीत शिपाईगिरी करून मलबारचा सर्वोच्च डच अधिकारी झालेला माणूस होता : हेंड्रिक आड्रियान व्हॅन ऱ्हीड.

२/
त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीतले एक पत्र आहे. ते लिहिणारे तीन कोकणी ब्राह्मण कोचीला राहत होते, आणि ज्या समाजातून ते आले तो गोव्याहून परागंदा झालेला होता. डच सैनिकाच्या लॅटिन ग्रंथात नागरी पत्र कसे पोहोचले, हा या धाग्याचा विषय. त्याचे उत्तर शोधताना तलवार, मिरी, औषध आणि ज्ञानाची मालकी या चारही गोष्टींतून जावे लागते.

३/
व्हॅन ऱ्हीडचा जन्म १६३६ चा. नेदरलँड्समधील उट्रेख्ट प्रांताच्या एका उमराव घराण्यातला तो धाकटा मुलगा. आईवडील लहानपणीच वारले. घराण्याला नाव होते, पण धाकट्याच्या वाट्याला येईल अशी फारशी इस्टेट नव्हती. चौदाव्या वर्षी त्याने घर सोडले. विसाव्या वर्षी, १६५६ मध्ये, तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल झाला आणि पूर्वेकडे निघाला.

४/
ही कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली. ती नुसती व्यापारी पेढी नव्हती. किल्ले बांधणे, फौज ठेवणे, राजांशी तह करणे आणि युद्ध पुकारणे हे अधिकार तिला डच प्रजासत्ताकाने सनदेने दिले होते. तिची पूर्वेतील राजधानी जावा बेटावर बटाविया, म्हणजे आजचे जाकार्ता, येथे होती. अशा कंपनीत शिपायाला कॅप्टन, कॅप्टनला कमांडर आणि कमांडरला बटावियाच्या मंडळाचा सदस्य होता येत असे. घरी जमीन नसलेल्या उमरावपुत्रांना ही वाट मोलाची वाटली, तर नवल नाही.

५/
आपल्या किनाऱ्यालाही ही कंपनी परकी नव्हती. आदिलशाहीच्या परवानगीने १६३७ च्या सुमारास तिने वेंगुर्ल्याला वखार घातली. त्या वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. गोव्याच्या तोंडावर पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच गलबतांना अन्नपाणी आणि बातम्या पुरवणे, हे वेंगुर्ल्याचे मोठे काम. पोर्तुगीजांना हिंदी महासागरातून हुसकावणे हे कंपनीचे ध्येय होते. व्हॅन ऱ्हीडची सारी तरुण वर्षे याच युद्धात गेली.

६/
त्याचा सेनापती होता रायक्लॉफ व्हॅन गोन्स. पोर्तुगीजांकडून १६५८ पर्यंत श्रीलंकेचा किनारा घेऊन झाल्यावर व्हॅन गोन्स मलबारकडे वळला. १६६१ च्या अखेरीस कोल्लम पडले, १६६२ च्या आरंभी कोडुंगल्लूर. त्यानंतर पाळी आली कोचीची. कोचीचे राजघराणे तेव्हा वारसाहक्काच्या भांडणात दुभंगलेले होते. एक शाखा पोर्तुगीजांच्या आश्रयाने गादीवर होती आणि दुसरी शाखा डचांच्या गोटात.

७/
फेब्रुवारी १६६२ मध्ये डचांनी मट्टांचेरीच्या राजवाड्यावर हल्ला केला. राजघराण्यातील तीन पुरुष त्यात मारले गेले. वृद्ध राणी मात्र जिवंत हाती लागली. तिला ताब्यात घेऊन तिचे प्राण राखणारा अधिकारी म्हणजे व्हॅन ऱ्हीड. कोचीचा किल्ला त्या वर्षी पडला नाही. तो जानेवारी १६६३ मध्ये पडला आणि सुमारे दीडशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता तेथे संपली.

८/
डचांनी आपल्या बाजूचा राजपुत्र वीर केरळ वर्मा गादीवर बसवला. त्याच्या डोक्यावर ठेवलेल्या सोन्याच्या मुकुटावर कंपनीचे चिन्ह होते, असे सांगतात. या नव्या राजाच्या दरबारावर देखरेख ठेवण्याचे काम सत्तावीस वर्षांच्या व्हॅन ऱ्हीडकडे आले. शिपायाचा कारभारी झाला तो येथे. राजा, नायर सरदार, कोकणी व्यापारी, सीरियन ख्रिस्ती, ज्यू : मलबारचा गुंतागुंतीचा समाज त्याला जवळून पाहता आला, कारण त्याच समाजावर त्याला कंपनीची पकड बसवायची होती.

९/
१६७० मध्ये तो मलबारचा कमांडर झाला. कंपनीच्या रचनेत लहान प्रांताच्या प्रमुखाला गव्हर्नरऐवजी कमांडर म्हणत. अधिकार मात्र गव्हर्नराचेच. किल्ले, फौज, न्याय, तह आणि सर्वांत महत्त्वाची मिरी, हे सारे त्याच्या हाती. कंपनीला मिरीची मक्तेदारी हवी होती : शेतकऱ्याने आणि राजाने मिरी विकायची ती कंपनीलाच, कंपनी ठरवील त्या भावाने. मक्ता मान्य नसणाऱ्यांत कोझिकोडचा सामूतिरी पहिला. पहिल्याच काळात व्हॅन ऱ्हीडला त्याच्याशी लढावे लागले.

१०/
बाहेरच्या शत्रूइतकाच आतला तंटा कठीण होता. जुना सेनापती व्हॅन गोन्स आता श्रीलंकेत प्रबळ होता. कोलंबो हे कंपनीच्या सत्तेचे मुख्य ठाणे व्हावे आणि मलबार त्याच्या हाताखाली असावा, असे त्याचे मत. १६७३ मध्ये मोठे आरमार घेऊन मुंबई बंदराबाहेर येऊन ठाकलेला आणि जेराल्ड आँजियरची तयारी पाहून परत गेलेला तो हाच व्हॅन गोन्स. मलबार हा स्वतंत्रपणे मोलाचा प्रांत आहे, हे व्हॅन ऱ्हीडला बटावियापुढे आणि हॉलंडपुढे सिद्ध करायचे होते.

११/
वनस्पतींचा ग्रंथ या राजकारणातूनही उगवला. कंपनीच्या शिपायांना आणि खलाशांना लागणारी औषधे युरोपातून महिनोन्‌महिने प्रवास करून येत. येईपर्यंत कित्येक निकामी होत. आणि त्यांतली काही मुळात पूर्वेतूनच युरोपात गेलेली असत. म्हणजे कोचीचा आजारी शिपाई कोचीच्याच आसपासची मुळी हॉलंडहून परत मागवून, शिळी झाल्यावर, दामदुपटीने घेत होता. ताजे औषध दाराशी असताना हा खर्च कशाला, असा व्हॅन ऱ्हीडचा प्रश्न होता. मलबारच्या रानातली संपत्ती कागदावर आणली, तर प्रांताचे मोल आपोआप सिद्ध होणार होते.

१२/
हिशेबापलीकडचे कुतूहलही त्याच्यात होते. मोहिमांवर हिंडताना मलबारचे दाट रान, एकाच झाडावर चढलेल्या अनेक वेली, मिरी आणि नारळ पाहून तो थक्क झाला, हे त्याने ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात स्वतः लिहून ठेवले आहे. मात्र त्याला वनस्पतिशास्त्राचे शिक्षण नव्हते आणि ग्रंथाला लागणारी लॅटिनही पुरेशी नव्हती. माणसे जमवणे, ती कामाला लावणे आणि कामाचा खर्च उभा करणे, ही सेनानायकाची कसबे मात्र त्याच्याकडे होती.

१३/
पहिला साथीदार मिळाला तो इटालियन कार्मेलाइट साधू मॅथ्यू. डच प्रॉटेस्टंट, साधू कॅथलिक. कोचीतून पोर्तुगीज पाद्री डचांनीच घालवलेले. तरीही या साधूची रेखाटने आणि टिपणे व्हॅन ऱ्हीडने आरंभी आधाराला घेतली. ती अपुरी आहेत हे ध्यानात येताच त्याने नवी पद्धत आखली. तिच्या केंद्रस्थानी युरोपीय माणूस नव्हता.

१४/
केंद्रस्थानी होता इट्टी अच्युतन, चेर्तलाजवळच्या कडक्करप्पळ्ळी गावातील कोल्लाट घराण्याचा वैद्य. जातीने ईळव. केरळच्या जातिव्यवस्थेत ईळवांना सवर्णांपासून अंतर राखून चालावे लागे, पण वैद्यकी त्यांच्यातील अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. अच्युतनकडे घराण्याची ताडपत्रावरील वैद्यकाची पोथी होती. कोणते झाड कोठे वाढते, त्याचे पान, साल, मूळ कोणत्या आजारावर कसे द्यायचे, हे तो मल्याळममधून सांगे.

१५/
त्याच्या जोडीला तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते : रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट. सोळाव्या शतकात गोव्यात देवळे पाडली गेली आणि धर्मांतराचा जोर वाढला, तेव्हा सारस्वतांची कित्येक कुटुंबे देव घेऊन निघाली. काही देव नदीपलीकडे फोंड्याच्या अंत्रुज महालात गेले. काही कुटुंबे समुद्रमार्गे दक्षिणेकडे गेली आणि कोचीच्या राजाच्या आश्रयाला राहिली. कोचीला त्यांनी तिरुमल देवस्थान उभारले आणि व्यापारात जम बसवला. या तिघांची विद्या संस्कृत निघंटूंची, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशांची होती.

१६/
काम असे चाले. माणसे रानात जाऊन फांदी, पान, फूल, फळ आणि मूळ आणत. डच चित्रकार ताज्या नमुन्यावरून हुबेहूब चित्र काढत. अच्युतन आणि ब्राह्मण वैद्य नाव, लक्षण आणि गुण सांगत. कोचीचा दुभाषी इमॅन्युएल कार्नेरो ते पोर्तुगीजमध्ये उतरवी, आणि तेथून मजकूर लॅटिनमध्ये जाई. लॅटिनचे काम आरंभी केले ते पाद्री योहानेस कॅसेरियस याने. तरुणपणी हा कॅसेरियस तत्त्वज्ञ स्पिनोझाचा विद्यार्थी होता. मलबारच्या वैद्याचा शब्द स्पिनोझाच्या शिष्याच्या लेखणीतून युरोपात गेला!

१७/
आता ते पत्र. एप्रिल १६७५ मध्ये व्हॅन ऱ्हीडने आपल्या सहकाऱ्यांकडून लेखी ग्वाही घेतली. अच्युतनने आपली ग्वाही केरळच्या जुन्या लिपीत लिहिली; कार्नेरोने स्वतंत्र दिली; आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट यांनी नागरी लिपीत, कोकणी भाषेत. आपण दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ हे काम केले आणि सांगितलेले खरे आहे, असा त्यांच्या ग्वाहीचा आशय. नागरी लिपीत छापल्या गेलेल्या कोकणीच्या अगदी जुन्या नमुन्यांत या पत्राची गणना होते.

१८/
तारीख ध्यानात घेण्यासारखी आहे. शिवराज्याभिषेकाला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. १६७५ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराजांचा वेढा आदिलशाहीच्या फोंडा किल्ल्याला पडलेला होता, आणि मेमध्ये तो किल्ला स्वराज्यात आला. ज्या फोंड्याच्या आसऱ्याला सारस्वतांचे देव गेले होते, तेथे मराठी तोफा धडाडत असताना त्याच समाजातले तीन वैद्य कोचीत डच कमांडरासमोर बसून औषधींची नावे नागरीत लिहीत होते. एकाच कोकणी समाजाच्या वाटा किती दूर गेल्या होत्या, हे यावरून कळते.

१९/
‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे मलबारचे उद्यान, या नावाने पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाला. बारावा निघाला १६९३ मध्ये. एकूण ७४२ वनस्पतींची वर्णने आणि ७९० च्या आसपास चित्रे. पहिले झाड नारळाचे. चित्रांवर नावे मल्याळम, अरबी आणि नागरी अक्षरांत कोरलेली. कोकणीला ग्रंथात ब्राह्मणांची भाषा म्हटले आहे. तिसरा खंड कोचीच्या राजाला अर्पण केलेला. कंपनीने गादीवर बसवलेल्या राजाला कंपनीच्याच अधिकाऱ्याने केलेली ही अर्पणपत्रिका. तिच्यात आदर होता तसे राजकारणही होते.

२०/
ग्रंथ निघाला तेव्हा व्हॅन ऱ्हीड मलबारमध्ये नव्हता. १६७७ मध्ये त्याला बटावियाच्या मंडळावर नेमले गेले. पण लवकरच व्हॅन गोन्स स्वतः गव्हर्नर-जनरल झाला आणि त्याच्या हाताखाली राहण्यापेक्षा व्हॅन ऱ्हीडने मायदेशी परतणे पसंत केले. तेथे त्याने जहागीर घेतली, उमरावांच्या सभेत स्थान मिळवले आणि उरलेले खंड छापण्याच्या मागे लागला. धाकटेपणामुळे जे मिळाले नव्हते, ते पूर्वेने त्याला मिळवून दिले.

२१/
१६८४ मध्ये कंपनीच्या संचालकांनी त्याला पुन्हा पाठवले, या वेळी कमिशनर-जनरल म्हणून. बंगालपासून श्रीलंकेपर्यंत कंपनीचे अधिकारी खासगी व्यापारात आणि लाचखोरीत बुडाले होते. ते साफ करण्याचे काम त्याच्याकडे आले. वाटेत १६८५ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेतील केपला थांबला. तेथल्या एका खोऱ्याला पुढे त्याच्या घराण्यावरून ड्राकेनस्टाइन हे नाव मिळाले. मग हुगळी, कोरोमंडल किनारा, श्रीलंका. नागपट्टणम हे कोरोमंडलचे मुख्य डच ठाणे झाले ते त्याच्याच काळात.

२२/
केपला त्याने दिलेले आदेश त्याच्या कारकीर्दीची दुसरी बाजू दाखवतात. तेथे कंपनीचे गुलाम होते, आणि त्यांत मलबार-बंगालच्या किनाऱ्यांवरून नेलेली माणसेही होती. युरोपीय बापाच्या पोटी जन्मलेल्या गुलाम मुलग्यांना पंचविसाव्या आणि मुलींना बाविसाव्या वर्षी मुक्ती मिळावी, अट एवढीच की त्यांना डच भाषा यावी आणि त्यांनी डच पंथ स्वीकारावा, असा नियम त्याने घातला. त्याच वेळी युरोपियनांनी मुक्त झालेल्या, पण मिश्र वंशाच्या नसलेल्या स्त्रियांशी लग्न करू नये, असेही बजावले. गुलामगिरी त्याने मोडली नाही, तिची व्यवस्था लावली. मलबारच्या वैद्यांची नावे आदराने छापणारा आणि हे नियम लिहिणारा अधिकारी एकच होता.

२३/
१६९१ च्या अखेरीस कोचीहून तो सुरतेला निघाला. तेथील डच वखारीची चौकशी बाकी होती. १५ डिसेंबर १६९१ रोजी, जहाज मुंबईच्या आसपासच्या समुद्रात असताना, त्याचा मृत्यू झाला. देह सुरतेला नेण्यात आला आणि जानेवारी १६९२ च्या आरंभी तेथे दफन झाले. कबरीवर घुमटाची भव्य दुमजली छत्री उभारली गेली. जवळच्या इंग्रज ऑक्झेंडन बंधूंच्या कबरीला मागे टाकण्याची ईर्ष्या तिच्यात होती, असे मानतात. सुरतेच्या डच दफनभूमीत ती आजही पाहायला मिळते.

२४/
कबरीपेक्षा ग्रंथ दूरवर गेला. १७५३ मध्ये लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली तेव्हा भारतीय झाडांसाठी या ग्रंथाचा मोठा आधार घेतला. आपल्या बकुळीचे शास्त्रीय नाव मिम्युसॉप्स एलेंजी; त्यातला ‘एलेंजी’ म्हणजे मल्याळम इलञ्ञी. करंजाचे ‘पोंगॅमिया’ हे नाव पोंगम या दाक्षिणात्य शब्दावरून आले. झाडांची देशी नावे लॅटिनच्या वेषात जगभर पसरली. ती सांगणारी माणसे मात्र पुढच्या पुस्तकांतून गळत गेली आणि उरला एकटा ‘ऱ्हीड’.

२५/
हा विसर सुटायला तीन शतके लागली. इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९५ च्या सुमारास असे मांडले की, या ग्रंथाच्या गाभ्यात ईळव वैद्यांचे वर्गीकरण आहे आणि युरोपीय शास्त्राने तेच उचलले. कालिकत विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षे या ग्रंथाला दिली. मूळ झाडे रानात जाऊन पुन्हा शोधली आणि सगळे बारा खंड इंग्रजीत आणले. ते केरळ विद्यापीठाने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या मातीतून हे ज्ञान निघाले, तेथल्या वाचकाला लॅटिनची भिंत ओलांडून ते वाचायला सव्वातीनशे वर्षे थांबावे लागले.

२६/
मग या ग्रंथाचे श्रेय कोणाचे? कोकणी पंडितांच्या पोथ्यांचे की ईळव वैद्याच्या अनुभवाचे, हा वाद केरळात अधूनमधून निघतो. मूळ पाने पाहिली तर दोघांच्याही ग्वाह्या तेथे आहेत. रंगभटांची संस्कृत निघंटूंची परंपरा आणि अच्युतनची ताडपत्रे एका टेबलावर आली, ती कमांडराच्या हुकमाने आणि कंपनीच्या पैशाने. वैद्य बरोबरीच्या नात्याने आले नव्हते. त्यांच्या राजावर कंपनीची फौज बसली होती. तरीही त्यांनी जे सांगितले ते त्यांचे होते, आणि त्यांनी ते आपल्या लिपीत, आपल्या नावाने लिहून दिले.

२७/
वसाहतीच्या इतिहासात असंख्य गव्हर्नर येऊन गेले. बहुतेकांनी जे घेतले त्याच्या पावत्या ठेवल्या, पण ज्यांच्याकडून घेतले त्यांची नावे ठेवली नाहीत. व्हॅन ऱ्हीडने ती ठेवली. त्याला ती आपल्या ग्रंथाचा खरेपणा पटवण्यासाठी हवी होती. पण हेतू काही असो, त्याच पानांमुळे आज अच्युतन, रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट इतिहासात नावानिशी सापडतात. आणि म्हणून जुने ग्रंथ वाचताना मुखपृष्ठावरच्या नावापाशी थांबू नये. ग्वाहीची पाने उलटावीत. तेथे कोणाच्या सह्या आहेत, कोणत्या लिपीत आहेत, ते पाहावे.